कुंभार्ली घाटात हळद

चिपळूणहून कराडकडे जाणारा कुंभार्ली घाट तुमच्यापैकी पुष्कळजणींनी एस. टी.च्या खिडकीतून पाहिला असेल. माझा तर तो माहेरचा घाट! पण नीट असा पाहिला तो गेल्या मे महिन्यात, रस्त्याच्या कडेला दीड तास बसून.

गाडी आमची चौदा वर्षांची, सेकंडहँड. माझ्या शिकवण्यांचे साठवलेले पैसे तिच्यात गेलेले, त्यामुळे तिला कुणी नावं ठेवलेली मला खपत नाहीत. त्या दिवशी आईला कराडला न्यायचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलेलं.

निघण्यापूर्वी माहेरच्या अंगणात, गाडीच्या तोंडाखाली मला एक हिरवट ओला डाग दिसला होता. एसीचं पाणी गळतं ते स्वच्छ असतं. हे बोटाला बुळबुळीत लागलं. शंका आली. पण ‘तुला काय कळतंय गाडीतलं?’ हे आईसमोर ऐकायचं नव्हतं. गप्प बसले.

शिरगाव गेलं, पोफळी आली. तिथे मुलाला माझा नेहमीचा धडा सुरू झाला (मास्तरीण ना मी!). कोयना महाबळेश्वरला उगवते आणि कराडला कृष्णेला मिळते, म्हणजे ती पूर्वेकडे जाणारी. पण धरणात अडवलेलं तिचं पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून इकडे कोकणाच्या अंगाला सोडलंय. ते खाली कोसळतं, वीज करतं आणि पुढे वाशिष्ठीला मिळतं. डोंगराच्या आतून एवढं पाणी खाली येतंय आणि आपण वरून चढतोय, असं मी सांगतेय तोच यांनी करकचून ब्रेक दाबला. उष्णतेचा काटा लाल रेघेला भिडला होता आणि बॉनेटमधून वाफ!

हे घाईघाईने उतरले, बॉनेट उघडलं आणि रुमाल गुंडाळून रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार, तेवढ्यात मी ओरडले, “अहो, कुकर आहे तो! वाफ जाऊ द्या आधी!”

भगिनींनो, ते झाकण खरोखर कुकरचंच झाकण. आत दाब धरलेला असतो म्हणून पाणी शंभर अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही. गरम असताना झाकण सैल केलं की दाब जातो आणि सगळं पाणी एकदम उसळून तोंडावर येतं. स्वयंपाकघरात आपण हे रोज जपतो, गाडीत मात्र पुरुषमाणसांना कोण सांगणार!

मग बसलो. आई दगडावर, मुलगा करवंदीच्या जाळीत. खाली कोकण उन्हात धुरकट झालेलं. आईला ते दिसत नव्हतं, पण ती म्हणाली, “वारा वरचा आहे गं, म्हणजे अर्धा घाट झाला.” तिच्याकडे बघून मला सकाळचा तो डाग आठवत राहिला. शेवटी यांना सांगितलं. हे काहीच बोलले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

तेवढ्यात आंब्याच्या पेट्या नेणारा एक टेम्पो थांबला. ड्रायव्हरने वाकून पाहिलं. “जाळीला बारीक भोक पडलंय. वहिनी, हळद आहे का?”

माहेराहून निघालेल्या बाईकडे हळद नसेल का? कुळथाचं पीठ, आमसुलं आणि आईने घरी दळलेली हळद, सगळं डिकीत होतं. गाडी पुरती निवल्यावर झाकण काढून त्याने तीन चमचे हळद टाकली. मग इंजिन सुरू ठेवून आपल्या कॅनमधलं पाणी हळूहळू ओतलं; तापल्या इंजिनात गार पाणी एकदम ओतलं तर ते तडकतं म्हणे. हळद फुगून भोकात बसते. “पण हे पोचण्यापुरतंच हं,” त्याने बजावलं. एसी बंद, हीटर पूर्ण चालू! इंजिनची उष्णता हीटरवाटे आत येते. मे महिन्यात आमची पाचही माणसं... चुकले, चारच, पण पाचाएवढी उकडली.

कोयनानगरला मेस्त्री मिळाला. नळी काढली तर पिवळंधमक पाणी. “ही हळद बारीक नळ्याही बुजवते,” तो म्हणाला, “आता सगळं धुवायला हवं.” जुन्या पितळी-तांब्याच्या रेडिएटरला डाख लावता येतो, आमचा ॲल्युमिनियमचा; बदलण्यावाचून इलाज नव्हता. त्याने कराडहून नवा मागवला. गाडी तिथेच ठेवून आम्ही एस. टी.ने पुढे गेलो. त्याआधी मी वहिनीला फोन करून अंगणातला डाग धुवायला सांगितला. ते हिरवं पाणी गोडसर असतं आणि विषारी. आमचा मोत्या काहीही चाटतो.

ऑपरेशन वेळेवर झालं. पट्टी सुटल्यावर आईने पहिली चौकशी केली ती हळदीची: सगळी संपवलीत की काय?

आता रोज सकाळी चहाच्या आधी हे गाडीखाली वाकून बघतात. मीही बघते, दुसऱ्या बाजूने.