दुसरी टाकी

२०२१ च्या दिवाळीत वहीपूजनाचे कुंकू पुरते वाळलेही नव्हते, तोच पाडव्याच्या सकाळी माझा पुतण्या एक कागद आणि कॅल्क्युलेटर घेऊन माझ्यासमोर येऊन बसला. त्याचा मालवाहतुकीचा व्यवसाय आहे. वाळूज औद्योगिक वसाहतीत छोटेसे कार्यालय आणि चार ट्रक; त्यांपैकी दोन कर्जाचे. "काका, प्रत्येक गाडीला ३०० लिटरची दुसरी टाकी बसवून घ्यावी म्हणतो. तुम्ही एकदा आकडे तपासून द्या." चौतीस वर्षे बँकेत कर्जप्रकरणे तपासली, निवृत्तीनंतर घरच्यांना माझा तेवढाच उपयोग उरला आहे.

त्याचे कारण ताजे होते. ४ नोव्हेंबरपासून केंद्राने डिझेलवरील उत्पादन शुल्क लिटरमागे १० रुपयांनी घटवले. ते तर सर्वांनाच लागू झाले. पण गुजरातने त्याच वेळी आपला कर कमी करून आणखी ७ रुपये उतरवले आणि महाराष्ट्राने हात आखडता घेतला. त्यामुळे नवापूरची हद्द ओलांडली की पुढच्या पंपावर डिझेल चार-पाच रुपयांनी स्वस्त. पुतण्याच्या गाड्या हजिऱ्याहून प्लास्टिकचे दाणे आणि सुरतेहून कापड आणतात, म्हणजे हद्द ओलांडणे नित्याचेच. त्याचा हिशेब सरळ होता : ३०० लिटर गुणिले ५ रुपये, खेपेला १,५०० ची बचत, महिन्याला चार खेपा, चार गाड्या, वर्षाला २,८८,००० रुपये. टाकीचा खर्च काही महिन्यांत वसूल.

आकडेमोड अचूक होती. चूक गृहीतकात होती. नवापूरच्या हद्दीवरून छत्रपती संभाजीनगरला यायचे आणि पुन्हा हद्दीवर जायचे, हे अंतर सुमारे साडेपाचशे किलोमीटर. भरलेली गाडी लिटरला चार किलोमीटर देते असे धरले तरी दोन भरण्यांमध्ये १४० लिटरच्या आतच डिझेल जळते. गाडीची मूळ टाकी २०० लिटरची. मग दुसऱ्या टाकीतले ३०० लिटर करणार काय? ते नुसतेच सुरतेला फिरून येणार. बचत टाकीत किती मावते यावर होत नसते, किती जळते यावर होते. हे सांगितल्यावर पुतण्याने कागद उलटा करून ठेवला. क्षणभर मला माझाच अभिमान वाटला, हे कबूल करतो.

पण तो हुशार आहे. म्हणाला, "दोन गाड्या सुरतेहून थेट हैदराबादला जातात, त्यांचे काय?" त्या मार्गावर मात्र त्याचे म्हणणे खरे होते. नवापूर ते हैदराबाद जाऊन-येऊन सोळाशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे ४०० लिटर. एका टाकीत भागत नाही. उरलेले २०० लिटर वाटेत महाग भरावे लागते. खेपेला हजार, महिन्याला तीन खेपा धरल्या तर गाडीमागे तीन हजार. शिवाय खात्रीच्या पंपावर एकदाच भरले की भेसळीची भीती नाही, ड्रायव्हरजवळ रोकड द्यावी लागत नाही आणि पाच ठिकाणच्या पाच पावत्यांवरून होणारी कुरकुर संपते. ही शेवटची बाब मी कमी लेखत नाही. मालक आणि ड्रायव्हर यांच्यातला निम्मा संशय त्या पावत्यांतून जन्मतो.

आता खर्चाची बाजू. एक लिटर डिझेल साधारण ८३० ग्रॅम भरते. ३०० लिटरचे अडीचशे किलो, वर टाकी आणि तिचे पट्टे धरून तीनशे. २०१८ मध्ये तीन आसांच्या ट्रकची एकूण वजनमर्यादा २५ टनांवरून २८.५ टन झाली, तेव्हा आता जागाच जागा आहे असे सर्वांना वाटले होते. पण शेवटच्या किलोपर्यंत भरणाऱ्याला जागा कधीच नसते. कापडाच्या गाठींनी गाडी वजनाआधी आकारानेच भरते, तेव्हा तिथे या तीनशे किलोंचा उपद्रव नाही. दाण्यांच्या पोत्यांना मात्र तेवढे भाडे सोडावे लागेल. आणि गुंतलेली रक्कम? भरलेली दुसरी टाकी म्हणजे २७,००० रुपये लोंबकळत ठेवणे. महिन्याचे व्याज अडीचशेच्या घरात, त्याचे काही नाही. पण ज्या धंद्यात डिझेल रोखीने घ्यायचे आणि भाडे दीड-दोन महिन्यांनी यायचे, तिथे चार गाड्यांचे लाखभर रुपये असे अडकणे कॅश क्रेडिट खात्याला सोसवत नाही.

इथवर मी निश्चिंतपणे बोलत होतो. "बसवून कोठे घेणार?" असे विचारल्यावर त्याने एका वेल्डरकडे बोट दाखवले, आणि माझा आवाज बदलला.

१९९७ साली मी एका तालुक्याच्या शाखेत होतो. एका कर्जदाराच्या ट्रकची वार्षिक तपासणी करताना चासीच्या डाव्या बाजूला पत्र्याची गावठी टाकी मला दिसली होती. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही, हे मला ठाऊक होते. पण हप्ते नियमित होते, विमा चालू होता. मी अहवालात 'वाहन सुस्थितीत' असे लिहिले आणि चहा घेऊन निघालो. पाच महिन्यांनी ती गाडी एका वळणावर दुभाजकाला घासली. डिझेल पेट्रोलसारखे चटकन पेटत नाही हे खरे. पण त्या टाकीत आतून आडवे पडदे नव्हते, सांधे कच्चे होते, शिवण उसवली आणि डिझेल तापलेल्या सायलेन्सरवर उडाले. ड्रायव्हर वाचला, त्याचे दोन्ही हात भाजले. विमा कंपनीने बेकायदा बदलाचे कारण दाखवून दावा नाकारला. कर्ज थकले, ते पुढे तडजोडीने मिटले. माझ्या अहवालाबद्दल मला कोणी काही विचारले नाही. ते चार शब्द माझ्याच अक्षरातले आहेत, एवढेच.

हे घरात मी प्रथमच सांगितले. पुतण्या गप्प झाला. मग म्हणाला, "चला, उस्तादांनाच विचारू."

त्याचा सर्वांत जुना ड्रायव्हर वैजापूरकडचा, पन्नाशी उलटलेला. सगळे त्याला उस्ताद म्हणतात. सणासाठी गावी आला होता. त्याने आमचे सगळे आकडे शांतपणे ऐकून घेतले. वजन, व्याज, कलम ५२, यांपैकी कशावरही तो बोलला नाही. म्हणाला, "साहेब, रात्री ढाब्यावर गाडी लावली की मी टाकीच्या अंगाला खाली बाज टाकून झोपतो. नळी लावून डिझेल काढणारे असतात. गेलेल्या डिझेलचे पैसे माझ्या पगारातून कटतात. आता दोन्हीकडं टाकी बसवली, तर मी कोणत्या अंगाला झोपू?"

पुतण्याने माझ्याकडे पाहिले नाही. पगारातून कपातीचा नियम त्याचाच होता. आणि मी? वाहनकर्जाच्या कितीतरी प्रकल्प अहवालांत 'इंधन घट' हा रकाना मी स्वतः तपासला होता. ती घट कोण भरून देतो, हे विचारणे त्या रकान्यात बसत नव्हते.

वेल्डरची टाकी रद्द झाली. पुढे जुलै २०२२ मध्ये महाराष्ट्राने डिझेलवरील कर ३ रुपयांनी कमी केला. त्याआधी मे महिन्यातही थोडी कपात झाली होती. ज्या फरकाच्या जोरावर २,८८,००० मांडले होते, तो फरक आठ-नऊ महिन्यांतच बराचसा आटला. टाक्या बसवल्या असत्या तर त्या मात्र राहिल्या असत्या.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने कन्नडचा औट्रम घाट अवजड वाहनांना बंद झाला आणि धुळ्याकडे जाण्यास नांदगावचा वळसा आला. अंतर वाढले, तसा टाकीचा विषय पुन्हा निघाला. या वेळी पुतण्याने हैदराबादच्या मार्गासाठी नवीन गाडी घेताना कारखान्यातूनच मोठी टाकी असलेली घेतली. तीच एक, नोंदणीपत्रातील तपशिलाला धरून, जाळीचे आणि कुलपाचे झाकण असलेली. १ आणि २ जानेवारी २०२४ ला ड्रायव्हर मंडळींनी नव्या हिट अँड रन तरतुदीविरुद्ध चाके थांबवली, तेव्हा शहरातल्या पंपांवर रांगा लागल्या होत्या. ती गाडी भरल्या टाकीने उभी होती आणि संप मिटताच रांगेत न थांबता निघाली. मोठ्या टाकीचा एवढा फायदा माझ्या कागदावर नव्हता, तो मी नंतर लिहून घेतला.

पगारातून कपात बंद केली, असे पुतण्या सांगतो. मी त्याची वही पाहिलेली नाही.

नवीन गाडी दारात आली त्या दिवशी घरच्यांनी चाकांखाली लिंबे ठेवली, नारळ फोडला. उस्ताद हार घालायच्या आधी गाडीला एक पूर्ण फेरी मारून आला. डाव्या अंगाला वाकून पाहिले, उजव्या अंगाला वाकून पाहिले, आणि मग किल्ली मागितली.