लॅक्स्टनचा बांध

आमच्या घरात एक दावा एकवीस वर्षं चालला. कारण दोन तासांचं, म्हणजे नांगराच्या दोन ओळींचं. काका बांध कोरतात असं वडील म्हणत, वडील कोरतात असं काका. काका गेले तेव्हा आमच्यातलं कोणी मातीला गेलं नाही. मीही नाही.

गेल्या डिसेंबरात मुलीकडे नॉटिंगहॅमला होतो. तिनं मला लॅक्स्टन गाव दाखवायला नेलं. इंग्लंडात शेतांना सगळीकडे झाडांची कुंपणं. इथं मात्र नजर पोचेल तिथवर उघडं रान. तीन मोठी शेतं, आणि प्रत्येकात अनेकांच्या पट्ट्या. एका शेतात गहू, दुसऱ्यात उन्हाळी पीक, तिसरं पूर्वी पड राहायचं, आता तिथं गवत. मध्ययुगात इंग्लंडचा बराच भाग असाच कसला जाई. पुढे 1604 ते 1914 या काळात पार्लमेंटनं पाच हजारांवर कायदे करून अशी रानं वाटून कुंपणात घातली, आणि ज्याच्याकडे झोपडी नि एक गाय एवढंच होतं, त्याचं गायरान गेलं.

लॅक्स्टन वाचलं ते कुणाच्या पुण्याईनं नव्हे. दोन मोठ्या जमीनदारांचं अदलाबदलीवर एकमत होईना, म्हणून! भांडणानं काही वाचल्याचं मी प्रथमच ऐकलं.

मार्क पिअर्स नावाच्या मोजणीदारानं 1635 मध्ये गावाचा नकाशा केला. मूळ ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. मी प्रत पाहिली. दोन हजारांवर पट्ट्या, शिवाय नांगर धरलेली, कापणी करणारी माणसं चितारलेली. बोटभर तुकडा कसणाऱ्याचीही नोंद आहे. चारशे वर्षांपूर्वीचा सातबाराच म्हणा. आता पट्ट्या मोजक्या नि रुंद झाल्यात.

पण मला थांबवलं ते एका लाकडी खुंटानं. दर नोव्हेंबरअखेर गावच्या शेतकऱ्यांतलेच पंच गव्हाचं शेत पायी फिरतात. वाट आणि सामाईक गवत जिथं सुरू होतं तिथं खुंट ठोकतात. त्यापलीकडे नांगर गेला असेल तर दंड. आठवड्यानं गावच्या पबमध्ये न्यायसभा बसते. दंड किरकोळ, पण तो शेजाऱ्यांसमोर भरायचा. उद्या पंचाच्या स्वतःच्या पट्टीवरही खुंट पडू शकतो.

म्हणजे बांध कोरायचा मोह तिथंही आहे. आमच्या वडिलांना होता, हे मी पहिल्यांदाच लिहितोय. नांगराच्या मागं मी चालत होतो, आणि कडेला आल्यावर ते बैलांना किंचित पलीकडे वळवत. कोर्टात मला कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

त्या खुंटाचा फोटो काकांच्या थोरल्या मुलाला पाठवला. कितीतरी वर्षांनी बोलणं ते एवढंच. खाली लिहिलं, ‘दादा, इथं असं ठरवतात.’

रात्री उत्तर आलं : ‘आणि रात्री खुंट कोण हलवतं?’


थोड्या वेळानं आणखी एक ओळ : ‘कधी येतोस?’