प्रवेशानंतरची चार वर्षे

मुलींना अभियांत्रिकीत आणण्याचे बहुतेक उपाय प्रवेशापाशी केलेले आहेत. महाराष्ट्रात या प्रवेशांत मुलींसाठी ३० टक्के समांतर आरक्षण आहे. आयआयटींनी २०१८पासून मुलींसाठी अधिसंख्य जागा निर्माण केल्या. तिथे पूर्वी दहा टक्क्यांहून कमी असलेले मुलींचे प्रमाण २०२०पर्यंत २० टक्क्यांच्या आसपास गेले. प्रवेश मिळालेली मुलगी टिकते का, हे मात्र वर्गात, वर्कशॉपमध्ये आणि हॉस्टेलवर ठरते.

प्रस्तुत लेखिकेने १९९०च्या दशकात मेकॅनिकलला प्रवेश घेतला, तेव्हा साठ जणांच्या वर्गात मुली तीन होत्या. वर्कशॉपच्या इमारतीत मुलींसाठी स्वच्छतागृह नव्हते. मुख्य इमारतीपर्यंत जाऊन येण्यात मधली सुटी संपे, म्हणून तिघी सकाळपासून पाणी पीत नसत. लेथवर चौघांची बॅच असे. “तू रीडिंग घे, तुझं अक्षर चांगलं आहे,” असे पहिल्या दिवशी ठरले आणि टर्मभर तेच चालले. वेणी, ओढणी मशीनमध्ये अडकेल, हे कारण दिले जाई. धोका खरा होता. पण त्यावर उपाय ॲप्रन आणि घट्ट बांधलेले केस हा होता, मशीनपासून लांब उभे करणे हा नव्हे. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत लेखिकेला चकमध्ये जॉब नीट बांधता आला नाही. तो डुगडुगत फिरला. ‘मुलींना हे जमत नाही’ असा शेरा मिळाला. जमण्यासाठी हात बसावा लागतो आणि ती संधीच तिला मिळाली नव्हती.

ब्रँच बदलण्याचा अर्ज तिने लिहून ठेवला होता. तो दिला गेला नाही, याचे श्रेय वर्कशॉपमधल्या एका मदतनीस काकांना जाते. शनिवारी दुपारी त्यांनी तिच्या हाती चकची चावी दिली. जॉब बांधायचा, चक हाताने फिरवून पाहायचा, मगच मशीन सुरू करायचे, हा क्रम त्यांनी तिच्याकडून पुन:पुन्हा करून घेतला. काही शनिवारांनी जॉब सरळ फिरू लागला.

पुढे शिकवताना लेखिकेने हाच अनुभव नियमांत उतरवला. सेटिंग, मशीन, रीडिंग आणि सफाई ही कामे दर आठवड्याला फिरती ठेवली. मुलांच्या बॅचमध्ये एकटी मुलगी न ठेवता किमान दोघींना एकत्र ठेवले. सुरुवातीला वेळ जास्त लागे आणि जर्नले उशिरा येत. पण मशीनला हात न लावता कोणीही टर्म संपवत नसे.

वर्कशॉपबाहेरही अडथळे असतात. पहिल्या वर्षी गणितात केटी लागली, म्हणजे विषय राहिला, की काही घरांत मुलीचे शिक्षण थांबवण्याचा विषय निघतो. अशा वेळी पालकांशी लवकर बोलणे आणि जादा तास घेणे गरजेचे असते. मुलींच्या हॉस्टेलचे गेट लवकर बंद होत असेल, तर रात्रीच्या लॅबमधले प्रोजेक्टचे काम मुलांकडे आणि अहवाल मुलींकडे जातो. म्हणून लॅब, लायब्ररी आणि दोन्ही हॉस्टेलांच्या वेळा एकमेकींशी जुळवाव्या लागतात.