नोटेशन न येणारा संगीत प्रकाशक



तुमच्या वर्गात किंवा घरात असं एखादं मूल आहे का, जे बोलायला लागलं की थांबत नाही, पण निबंधाची वही मात्र कोरी? माझ्या पाचवीच्या वर्गात आहे. 'माझा आवडता प्राणी' या विषयावर त्यानं दोन ओळी लिहिल्या, त्यातही तीन चुका. मी लाल पेनानं गोल केले आणि 'लेखन सुधारावे' असा शेरा मारला. त्याच दिवशी मधल्या सुट्टीत हा पठ्ठ्या त्यांची शेळी विहिरीत कशी पडली आणि कशी बाहेर काढली, ते सांगत होता. पोरांचे डबे उघडे, घास हातातच. मी दाराआड उभी राहून शेवटपर्यंत ऐकलं. त्या शेऱ्याची मला लाज वाटली.

तेव्हा मला चार्ल्स के. हॅरिस आठवला. आपल्या पाठ्यपुस्तकात हा माणूस भेटत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते.

हॅरिसचा जन्म १८६७ चा, अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातला. वाढला मिशिगनमध्ये आणि मग मिलवॉकी शहरात. बँजो वाजवायला शिकला, हॉटेलात पोऱ्या म्हणून राबला, गहाणवटीच्या दुकानातही काम केलं. गाणी सुचायची, चालीही सुचायच्या. पण संगीताची लिपी त्याला वाचता येत नव्हती आणि लिहिताही येत नव्हती. तरी या गड्यानं मिलवॉकीत खोली घेऊन दारावर पाटी लावली : ऑर्डरप्रमाणे गाणी लिहून मिळतील!

त्या काळात रेकॉर्ड घरोघरी पोचलेली नव्हती. गाणं विकायचं म्हणजे त्याचे शब्द आणि स्वरलिपी छापलेले कागद विकायचे. लोक ते विकत घेऊन घरच्या पियानोवर वाजवत. हॅरिसचं एक गाणं न्यूयॉर्कच्या प्रकाशकांनी छापलं. त्याच्या वाट्याला आले पंच्याऐंशी सेंट, म्हणजे डॉलरसुद्धा पुरा नाही. तेव्हा त्यानं ठरवलं, आपली गाणी आपणच छापायची.

१८९२ मध्ये त्याचं 'आफ्टर द बॉल' बाजारात आलं. चाल त्याने तोंडी सांगितली आणि जोसेफ क्लाउडर नावाच्या संगीतकाराने ती कागदावर उतरवली. गाण्यात एक म्हातारा आपल्या छोट्या भाचीला सांगतो, की त्यानं लग्न का केलं नाही. नाचाच्या समारंभात त्याची प्रेयसी दुसऱ्या पुरुषासोबत दिसली. तो तिला सोडून निघून गेला, आणि फार उशिरा कळलं की तो तिचा भाऊ होता. आपल्याला जरा रडकं वाटेल, पण त्या काळच्या श्रोत्यांना अशा गोष्टी आवडायच्या. (आपल्याही नाटक-सिनेमात असे गैरसमज काय कमी आहेत?)

पहिल्यांदा ते ज्यानं गायलं, तो शब्दच विसरला. फजिती! मग मिलवॉकीत 'अ ट्रिप टू चायनाटाउन' या संगीत नाटकाचा प्रयोग होता. त्यातल्या जे. ऑल्ड्रिच लिबी या गायकाला हॅरिसनं पाचशे डॉलर आणि विक्रीतला वाटा देऊ केला आणि आपलं गाणं नाटकात घुसवलं. सरळ सांगायचं तर पैसे मोजून केलेली जाहिरात. त्याची ही हुशारी मला पूर्णपणे पटत नाही, पण मुलांपासून ती लपवतही नाही. मुखपृष्ठावरही लिबीचा फोटो छापला.

पुढच्या वर्षी शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात सूझाच्या बँडनं ते गाणं वाजवलं. हेच १८९३ चं शिकागो, जिथं स्वामी विवेकानंद बोलले, असं सांगितलं की मुलांना काळ चटकन कळतो. विक्री वीस लाख प्रतींच्या पुढे गेली, असं सांगतात. हॅरिस पुढे न्यूयॉर्कला गेला, प्रकाशनाचा धंदा वाढवला, गाणी कशी लिहावीत यावर १९०६ मध्ये पुस्तकही लिहिलं. तेवढी उंची मात्र दुसऱ्या कुठल्या गाण्यानं गाठली नाही. १९३० मध्ये तो गेला.

हे सगळं मी स्टाफरूममध्ये सांगितलं आणि म्हटलं, त्या मुलाची गोष्ट मी लिहून घेणार. एक सहकारी म्हणाले, "मग ती त्याची कुठं राहिली? मॅडम, परीक्षेत कोण लिहून देणार त्याला?" मी म्हटलं, सर, महाभारत व्यासांचं म्हणतो ना आपण? लिहून तर गणपतीनं घेतलं. सगळे हसले. पण परीक्षेचा प्रश्न खराच आहे, आणि त्याला माझ्याकडे अजून उत्तर नाही.

तरी आठवड्यातून दोनदा, सुट्टीची दहा मिनिटं, तो सांगतो आणि मी लिहिते. मग तेच पान तो वाचतो. स्वतःचेच शब्द असल्यामुळे अडखळला तरी सोडत नाही. परवा पहिलं वाक्य त्यानं स्वतः लिहिलं, 'विहीर'मधली दुसरी वेलांटी ऱ्हस्व काढून. मी गोल केला नाही.

वर्गात हॅरिसची गोष्ट सांगून झाली, तेव्हा त्यानंच हात वर केला. "बाई, त्या लिहून घेणाऱ्याला किती पैसे दिले?"

मी म्हटलं, "तू मला काय देणार, ते आधी सांग."

दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर चार बोरं होती.