मेवाडच्या डोंगराच्या घड्या

आपल्या दख्खनच्या पठारावर विहीर खणताना काळा पाषाण, मांजऱ्या, मुरूम असे थर एकाखाली एक लागतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पसरलेला लाव्हा भाकऱ्यांची चवड लावावी तसा आजही जवळपास आडवाच आहे. मेवाडात गेले की ही चवड विसरावी लागते.

अहमदाबादहून शामळाजीमार्गे उदयपूरला जाताना, रस्त्यासाठी कापलेल्या टेकड्यांकडे पाहावे. पाटीच्या दगडाचे पापुद्रे कुठे उभे, कुठे तिरके, कुठे नागमोडी. हा अरवलीचा खडक दीडशे कोटी वर्षांहून जुना. मुळात तो समुद्रतळाचा गाळ. जमिनीच्या पोटात खोलवर, उष्णतेने व दाबाने दगडही लोहाराच्या भट्टीतल्या लोखंडासारखा वाकतो. मात्र त्याला लाखो वर्षे लागतात.

शिवाय घडी एकदाच पडलेली नाही. गोधडीची एक घडी घाला आणि मग ती दुसऱ्या बाजूने दाबा. पहिली घडीच वाकते; कुठे घुमटासारखा फुगवटा येतो, कुठे परातीसारखा खोलगटपणा. मेवाडात असे पुन्हापुन्हा घडले. त्यामुळे एकच थर एका टेकडीवर उघडा दिसतो, पुढे जमिनीत बुडतो आणि पलीकडे परत वर येतो.

उदयपूरच्या दक्षिणेस जावर येथे जस्ताच्या खाणी आहेत. मध्ययुगात इथे मातीच्या नळ्यांतून जस्त गाळीत. वापरून झालेल्या नळ्या रचून लोकांनी घरांच्या भिंती उभारल्या. खनिजाचा थर कुठे वळला हे ओळखणे, हीच तिथल्या खाणकामाची कसोटी.

पाण्याचेही तसेच. कठीण थरांच्या रांगा उभ्या राहिल्या, मऊ थर झिजून दऱ्या झाल्या. डोंगरांमधली अशीच खिंड बांधाने अडवून महाराणा जयसिंह यांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस जयसमंद तलाव केला. विहिरीचे पाणी मात्र पापुद्र्यांच्या आणि भेगांच्या वाटेने जाते. म्हणून लगतच्या दोन शेतांत एकाच खोलीवर पाणी लागेलच असे नाही.

आपल्याकडेही नागपूर-भंडाऱ्याच्या मँगनीज पट्ट्यात असेच घड्या पडलेले जुने खडक आहेत. तिथल्या शेतकऱ्याने विहिरीला हात घालण्यापूर्वी जवळच्या नाल्यात उतरून दगडाचे पापुद्रे कोणत्या बाजूला कलले आहेत ते पाहावे, जाणकाराला दाखवावे. पठारावरचा अनुभव तिथे पुरा पडत नाही.