उशेगावची भट्टी आदिलाबादच्या मैदानात

आदिलाबादेत चित्रकलेची आवड असलेली मुलं कमी नाहीत. कुणी हैदराबादला शिकायला जातं, कुणी नागपूरला, आणि शिक्षण संपलं की तिकडेच कामाला लागतं. त्यांनी काय काढलं, काय घडवलं, हे इथल्या लोकांच्या नजरेस कधी पडत नाही. आपल्या गावात आजच्या कलेचा एक मेळा भरवावा, हे आम्हा मित्रांच्या डोक्यात बरेच दिवस घोळत होतं. केस्लापूरची नागोबाची जत्रा उलगली, घराघरातला कापूस विकून झाला, लोकांना जरा सवड मिळाली, तेव्हा एका शाळेचं सभागृह आणि मैदान मागून घेतलं आणि कामाला लागलो.

पहिल्याच बैठकीत वाद झाला तो मांडणीवरून. कॅनव्हासवरची चित्रं आत सभागृहात आणि ओझा कारागिरांचं पितळकाम बाहेर मंडपात, असा आराखडा पुढे आला. हस्तकलेचे स्टॉल सगळीकडे बाहेरच असतात, असं मांडणाऱ्याचं म्हणणं. मला ते अजिबात पटलं नाही. उशेगाव, केस्लागुडा या जैनूरकडच्या गावांत मेणाची तार वळून मोर घडवणारा माणूस आज जिवंत आहे, आज काम करतो आहे. त्याच्या मोराची मान त्याच्या बापाच्या मोरासारखी नाही, ती त्याला सुचलेली आहे. मग आजची कला म्हणताना त्याला दाराबाहेर बसवायचं कोणत्या न्यायानं? बरीच रात्र झाल्यावर ठरलं की दालन एकच राहील आणि प्रत्येक कामाशेजारी घडवणाऱ्याचं नाव, गाव आणि साल लिहिलेली पाटी असेल.

या आग्रहामागे गुरुजींची शिकवण होती. रवींद्र शर्मा यांना आदिलाबादेत सगळे गुरुजीच म्हणत. शिल्पकला शिकून ते इथे परतले, कारागिरांमध्ये राहिले, त्यांच्याकडून शिकले आणि कला आश्रम उभा केला. 2018 मध्ये ते गेले. गावातल्या कारागिराच्या हातात केवढी विद्या आहे, हे आमच्या पिढीतल्या अनेकांना त्यांच्यामुळे दिसायला लागलं.

उशेगावला गेलो तेव्हा एका म्हाताऱ्या ओझामामांनी आमचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "वस्तू मांडून लोकांना काय कळणार? भट्टी लावू द्या. होताना बघितलं तर कळेल." मेळ्याची खरी दिशा तिथेच ठरली.

मामांच्या ओसरीवर काम चाललं होतं. मातीचा गाभा करून वाळवलेला. त्यावर मेणाच्या बारीक तारा एकीला एक चिकटवून गुंडाळायच्या. मेणात राळ मिसळलेली असते, त्यामुळे तार मऊही राहते आणि तुटतही नाही. मामांची सून हत्तीच्या पाठीवर झूल वळत होती; बोट पाण्यात बुडवायची, तार दाबायची, पुन्हा बोट पाण्यात. या मेणावर वारुळाच्या बारीक मातीचा लेप, त्यावर जाड मातीचा. भट्टीत साचा तापला की मेण वितळून निघून जातं आणि त्या पोकळीत वितळलेलं पितळ ओततात. निवल्यावर साचा फोडायचा. साचा एकदाच कामी येतो, म्हणून एका हत्तीसारखा दुसरा हत्ती होऊच शकत नाही.

2016 मध्ये जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. जैनूर कुमुरम भीम आसिफाबादकडे गेलं. 2018 मध्ये ओझांच्या या कलेला भौगोलिक मानांकन मिळालं ते मात्र आदिलाबादच्याच नावानं, आणि मेळा आदिलाबादेत होतो याचं मामांना त्यामुळे अप्रूप वाटलं. माती वाळायला वेळ लागतो, म्हणून साचे गावातच तयार करून आणायचे आणि ओतकाम मैदानात करायचं, असं ठरवून आम्ही परतलो.

विस्तवाची परवानगी, पाण्याचे ड्रम, दोऱ्या बांधून आखलेली जागा, या धावपळीत बरेच दिवस गेले. पण भट्टी पेटली त्या दुपारी मैदान भरून गेलं. भाजी घ्यायला निघालेल्या बाया पिशव्या घेऊन थांबल्या, शाळेची पोरं भिंतीवर चढली. मुशीतलं पितळ साच्याच्या तोंडात उतरताना इतक्या माणसांत चिटपाखराचा आवाज नव्हता. मामांनी निवलेला साचा फोडला आणि काळपट मातीतून घंटा बाहेर आली. कानस फिरली तसा तिचा पिवळा रंग दिसू लागला. मग ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, हात लावून बघू का?

त्याच संध्याकाळी एका व्यापाऱ्यानं किलोचा भाव विचारला. पितळ वजनानं विकायचं ही बाजाराची रीत, त्यात त्याचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. मामा म्हणाले, "पितळेचा भाव तुम्हाला ठाऊक आहे. माझ्या सुनेच्या बोटांचा भाव सांगा." भिंतीवरच्या चित्राला कुणी रंगाच्या वजनानं मागत नव्हतं. शेजारी शेजारी ठेवल्यामुळेच हा फरक सगळ्यांच्या लक्षात आला. दुसऱ्या दिवशी घासाघीस जवळजवळ थांबली.

दालनात सगळ्यात जास्त वेळ लोक थांबले ते काही मुलींनी गोंडी अक्षरांत केलेल्या चित्रफलकांपुढे. नारनूर मंडळातल्या गुंजाळा गावी या लिपीतली जुनी हस्तलिखितं सापडली. काही 1750 च्या सुमाराची मानतात. 2018 मध्ये लिपी युनिकोडमध्ये आली. घरात गोंडी बोलणारी एक आजी नातवाला आपल्या नावाची अक्षरं विचारत होती. एका मुलीनं ती लगेच कागदावर काढून दिली. आजींनी कागद पदराला बांधला.

गोंडांचा दिवाळीतला गुस्साडी नाच ठेवा, ही मागणी अनेकांची होती. मार्लवाईच्या कनक राजूंनी तो थेट दिल्लीपर्यंत नेला, 2021 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि ऑक्टोबर 2024 मध्ये ते गेले. त्यामुळे अपेक्षा मोठी होती. पण आम्ही ज्यांना विचारलं त्या गोंड वडीलधाऱ्यांनी सांगितलं, "दिवाळी झाली, मोरपिसांचा टोप पूजा करून ठेवला. आता तो काढणार नाही." आम्ही पुन्हा विषय काढला नाही. पोस्टरवर चांगला दिसतो म्हणून कुणाचा देव अवेळी उठवायचा नसतो.

त्याऐवजी रात्री परधानांचं किकरी हे तंतुवाद्य वाजलं. गोंडांच्या कुळांच्या कथा पिढ्यान्‌पिढ्या राखणारे हे परधान. इथल्या कितीतरी परधानांच्या घरची बोली मराठी आहे. कथा गोंडीत, मधला खुलासा मराठीत, पुढे बसलेल्यांपैकी निम्मे तेलुगू बोलणारे, आणि कुणीही उठलं नाही. मला स्वतःला त्या दोन दिवसांतलं हेच सगळ्यात मोलाचं वाटलं. पैनगंगेच्या अलीकडे राहून आपण मराठी माणसं या कथांना फारच कमी ओळखतो, याची खंत वाटते.

पुढचा मेळा आदिलाबादेत घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तो उटनूरला किंवा जैनूरला व्हावा आणि शहरातल्या चित्रकारांनी आपले कॅनव्हास तिकडे न्यावेत. मित्रांपैकी काहींना ते अवघड वाटतं. जागा, वीज, राहण्याची सोय, अडचणी खऱ्याच आहेत, पण ओझांनी साचे पोत्यात भरून शंभर ठिकाणी उतरत आमच्यापर्यंत यायचं आणि आम्ही मात्र हलायचं नाही, हे बरोबर नाही.

नागोबाच्या जत्रेला पांढरकवड्याकडून, किनवटकडून पुष्कळ लोक येतात. तुम्हीही आलात तर इंद्रवेल्लीहून परत फिरू नका. उटनूरवरून जैनूरकडे जा, ओझांच्या घरी बसून काम बघा, त्यांनी सांगितलेली किंमत द्या. आणि घडवणाऱ्याचं नाव विचारून ते त्या वस्तूशेजारी आपल्या घरात लिहून ठेवा.