एका पराभवाचा हंगाम

भिलाईत फुटबॉल माणसाच्या आयुष्यात येतो तो मैदानाच्या वाटेने. सोव्हिएत सहकार्याने इथला पोलाद कारखाना उभा राहिला, 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली, आणि कारखान्यासोबत आखलेल्या सेक्टरांत शाळा-दवाखान्यांबरोबर मोकळ्या जागाही राहिल्या. हथखोजचा औद्योगिक पट्टा या आखीव वसाहतीबाहेरचा. तिथे शेड आणि ट्रक जास्त, पण तिथल्या मुलालाही एक चेंडू आणि चार दगड पुरतात. त्या वयातल्या खेळाला शेवट नसतो. आज सहा गोल खाल्लेला पोरगा उद्या संध्याकाळी पुन्हा हजर असतो आणि हरला म्हणून त्याला कोणी घरी धाडत नाही. शाळेत आल्यावर स्पर्धा सुरू होतात. 1960 पासून चालत आलेल्या सुब्रतो कपाच्या खालच्या पायऱ्यांवर बहुधा एकच पराभव पुरतो. पुढे कॉलेज. आंतरविद्यापीठ स्पर्धेला पंचविशीची मर्यादा आहे. त्यानंतर शिफ्ट, ओव्हरटाइम आणि रविवारची झोप. म्हणजे अंगात जोर आहे, हाताशी वेळ आहे आणि समज आली आहे, अशी फुटबॉलपटूच्या आयुष्यातली जेमतेम पाच-सात वर्षं कॉलेजात जातात. नेमक्या त्याच वर्षांत आपण त्याला सर्वांत कमी सामने देतो, आणि हे मला साधं दुर्लक्ष वाटत नाही, अन्याय वाटतो.

हिशेब कुणालाही मांडता येईल. बाद पद्धतीत 16 कॉलेजं उतरली तर एकूण सामने 15 होतात, आणि त्यातले 8 संघ पहिल्याच सामन्यानंतर घरी जातात. त्यांचा वर्षाचा हंगाम नव्वद मिनिटांचा. महिनाभर पहाटे धावायचं, क्रीडा अधिकाऱ्यांमागे लागून जर्सी मिळवायची, एका बचावपटूची एक चूक व्हायची, आणि ती चूक सुधारायला पुढच्या वर्षापर्यंत थांबायचं. तोवर तो बचावपटू पदवी घेऊन गेलेला असतो. फुटबॉल शिकला जातो तो हरलेल्या सामन्यानंतरच्या सामन्यात. डाव्या बाजूने आपण उघडे पडतो हे पहिल्या सामन्यात कळतं, तिसऱ्यात त्यावर उपाय सापडतो, सहाव्यात तो अंगवळणी पडतो. गोलरक्षकाचा आवाज ऐकून मागे न पाहता जागा सोडायची, हा विश्वास सरावात अर्धाच येतो. बाकीचा खऱ्या सामन्यांतून, एकमेकांवर चिडून आणि पुन्हा एकत्र उतरून येतो. म्हणून कॉलेजांना स्पर्धा नको, साखळी हवी. दुर्ग-भिलाईत हे जमण्यासारखं आहे, कारण इथली कॉलेजं एकमेकांपासून दूर नाहीत. संघाला मुक्कामाची गरज नाही, संध्याकाळी सगळे आपापल्या घरी.

यावर पहिला आक्षेप असा की विद्यापीठाला एक चांगला संघ निवडायचा असतो, आणि त्यासाठी बाद पद्धत झटपट आणि स्वस्त आहे. पण चांगला संघ निवडायला ती खरंच उपयोगी असती, तर आंतरविद्यापीठ स्पर्धेतच शेवटच्या चार संघांसाठी साखळी का ठेवली असती? जिथे निकाल खरोखर महत्त्वाचा असतो, तिथे आयोजकांचाही एका सामन्यावर भरवसा नसतो. शिवाय छत्तीसगडच्या विद्यापीठांना पूर्व विभागात खेळावं लागतं, म्हणजे समोर बंगालची मुलं. कोलकात्याची फुटबॉल लीग 1898 पासून चालू आहे. त्या शहरात लहान क्लबाचा खेळाडूही हंगामाला हंगाम म्हणूनच ओळखतो: आठवड्यामागून आठवडे, वर-खाली होणारा तक्ता, खालच्या गटात घसरण्याची भीती. दोन-तीन सामने खेळून तिथे गेलेल्या आपल्या मुलांत गुणवत्ता कमी आहे असं मी मानत नाही, त्यांच्या गाठीला सामने कमी आहेत. आणि निवड हेच सर्वस्व मानलं, तर न निवडलेल्यांचं काय? याच रेल्वेमार्गावर पुढे नागपूर आहे. तिथल्या हिस्लॉप कॉलेजातले क्रीडा प्राध्यापक विजय बारसे यांनी 2001 साली झोपडपट्टी फुटबॉल सुरू केला, तो उत्तम खेळाडू हेरण्यासाठी नव्हे, तर ज्यांना कुणी खेळायला बोलावत नव्हतं त्यांच्यासाठी. 2022 च्या ‘झुंड’ चित्रपटाने ती गोष्ट घरोघरी नेली. कॉलेजांनी मात्र तिच्यातून आपल्यासाठी काही घेतलं असं दिसत नाही.

दुसरा आक्षेप अभ्यासाचा, आणि तो मला जास्त गंभीर वाटतो, कारण तो घरातून येतो. कर्ज काढून मुलाला इंजिनिअरिंगला घातलेल्या बापाला साखळी-बिखळी सांगून उपयोग नाही. 31 जुलै 1948 रोजी लंडन ऑलिंपिकमध्ये फ्रान्सविरुद्ध भारताचं नेतृत्व करणारे टी. आओ तेव्हा कोलकात्यात वैद्यकीय शिक्षण घेत होते आणि पुढे डॉक्टरही झाले, हे उदाहरण देता येतं. पण असामान्य माणसाच्या दाखल्याने सामान्य घराची काळजी मिटत नाही. तिला उत्तर वेळापत्रकानेच द्यावं लागेल. बाद स्पर्धेची तारीख अचानक येते, सलग चार दिवसांची हजेरी बुडवते आणि अंतर्गत चाचणीवर आदळते. साखळीचा सामना आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, वर्ग सुटल्यावर. सहा कॉलेजांनी एकमेकांशी दोनदा खेळायचं ठरवलं तर प्रत्येकाच्या वाट्याला 10 सामने, म्हणजे सगळे मिळून पंधरा तासांचा खेळ. पैशांचंही तसंच. एकूण 30 सामने, प्रवास शहर बसचा, खरा खर्च पंचांच्या मानधनाचा. तो सहा कॉलेजांनी वाटून घेतला तर कुणाच्याही क्रीडा निधीवर फार ताण येऊ नये. पाऊस ओसरल्यावर सप्टेंबरअखेर सुरुवात करावी आणि दिवाळीचा आठवडा सोडावा. प्रत्येकाचे पाच सामने होताच विद्यापीठाच्या निवड समितीने संघ निवडावा आणि उरलेले पाच सामने त्या संघात नाव नसलेल्यांसकट सर्वांनी पूर्ण खेळावेत.